वहिमाचे माप

आमच्या घराण्याचा म्हणून जो एक वॉट्सॲप-समूह आहे, आणि ज्यात धारवाडच्या सप्तापुरापासून बेळगाव, पुणे व थेट न्यू जर्सीपर्यंत पांगलेली पासष्टेक माणसे सणावारांची छायाचित्रे व सकाळचे नमस्कार यांची देवघेव बिनतक्रार करीत असतात, त्या समूहावर २०२१ च्या वैशाखात बापूकाकांनी एक मजकूर धाडला. करोनाच्या लशीबरोबर शरीरात एक अतिसूक्ष्म चिप सोडतात, तिचे संधान ५-जीच्या मनोऱ्यांशी बांधलेले असते, आणि दोन वर्षांच्या आत पृथ्वीवरची म्हातारी माणसे कमी करण्याचा काही धनाढ्यांचा बेत त्यामागे आहे, असा त्याचा एकंदर आशय. बापूकाका म्हणजे कोणी अडाणी इसम नव्हेत. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी छत्तीस वर्षे फिटरकी केली असून, नुसत्या आवाजावरून कोणते बेअरिंग झिजले आहे हे सांगणारा मनुष्य म्हणून त्यांची तेथे ख्याती होती.

मी तडकाफडकी उत्तर दिले. हिंदुस्थानात ५-जीची सेवा अद्याप सुरूच झालेली नाही (ती पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली), दूरसंचार खात्याने त्याच मे महिन्यात तसा जाहीर खुलासाही केला आहे, आणि सुईच्या छिद्रातून जाईल एवढ्या चिपेला बॅटरी कोठून मिळणार, असे तीन मुद्दे मांडून खाली चार लेखांचे दुवे चिकटवले. बारा जणांनी अंगठे उंचावले. बापूकाका दोन दिवस गप्प राहिले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच लिहिले : “तुझ्याकडं सगळं छापील आहे बघ. माझ्याकडं वामन होता.” वामनराव म्हणजे त्यांचे वर्कशॉपातले सोबती, लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी गेले, हे मला तेव्हा प्रथमच कळले. वाद तेथेच संपला, आणि तो मी जिंकला असे कोणी म्हटले असते तर मला शरम वाटली असती.

मराठीत संशयाला शब्दांची वाण नाही. शंका आहे, संदेह आहे, किंतु आहे, आणि अरबीतून फारसीच्या वाटेने दप्तरात येऊन बसलेला ‘वहीम’ही आहे. यांपैकी वहीम मला विशेष प्रिय, कारण त्याला कचेरीची शिस्त आहे. वहिमावरून एखाद्या इसमास चौकीपर्यंत नेता येते, परंतु तेवढ्यावर त्याला तुरुंगात टाकता येत नाही. मध्ये पंचनामा, जाबजबाब, साक्षीपुरावा व त्यांची रुजुवात एवढा मुलूख ओलांडावा लागतो. कटकथांवर हातातल्या यंत्रातून वाद घालणारे आपण लोक, मग त्या मानणारे असोत की खोडणारे, हा मुलूख ओलांडण्याचे कष्ट बहुधा घेत नाही. एकाला चौकी हाच तुरुंग वाटतो, तर दुसरा चौकीत आलेल्याची फिर्यादच टिपून घेत नाही. मी त्या दिवशी दुसऱ्या जातीचा अपराध केला होता.

सुईविषयीचा वहीम या प्रांतात नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले, आणि पुढच्याच महिन्यात शहरात अफवांचे पेव फुटले. त्याच सुमारास राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. तेव्हा त्या अपमानाने क्रुद्ध झालेल्या राणीने रयतेची काळजे मागवली असून, आर्थर रोडच्या इस्पितळात नेलेली माणसे त्याकरिताच मारली जातात, ही त्यांतली सर्वांत गाजलेली अफवा. प्रेतांपासून मोमियाई नावाचे औषध काढतात, ही दुसरी. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला.

आता या प्रकरणातला एक धागा निराळा काढून पाहण्यासारखा आहे. पुतळ्यास डांबर फासण्याचे कृत्य खरोखरीच गुप्तपणे, संगनमताने झालेले होते. ते आपण केल्याचे दामोदर चाफेकरांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. म्हणजे कट होता. परंतु तो मूठभर तरुणांचा, एका रात्रीचा आणि एका डबाभर डांबराचा होता. जगाच्या दुसऱ्या टोकाहून काळजे मागवणारा कट मात्र, ज्यात शेकडो डॉक्टर, परिचारिका, भंगी, गाडीवान व कारकून यांनी एकजात तोंडे शिवून घेणे आवश्यक होते, तो नव्हता. गुपितात माणसांची भर पडत जाते तसतसे ते राखणे दुरापास्त होते, हा गावगाड्यातल्या कोणालाही ठाऊक असलेला हिशेब कटकथा ऐकताना आपण विसरतो.

तरीही त्या गिरणीकामगारांना मूर्ख म्हणून मोकळे होण्यास माझे मन घेत नाही. त्यांनी जे पाहिले होते ते खरेच होते : धडधाकट दिसणारा माणूस गाडीत घालून नेला जातो आणि बहुधा परत येत नाही. निरीक्षण बिनचूक, अनुमान चुकीचे. शिवाय ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा मंजूर होऊन सरकारच्या हाती जे अमर्याद अधिकार आले, त्यांचा अंमल पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरे धुंडाळून, देवघरापर्यंत बूट नेऊन कसा केला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. ज्याच्या माजघरात शिपाई शिरला त्याला ‘सरकार तुमच्या हिताचेच पाहते’ हे वाक्य पटवणे बृहस्पतीलाही साधले नसते.

याच पुणे-प्रकरणात संयत संशयाचे, आणि त्याची किंमत काय पडते याचे, एक उदाहरण घडले, ज्याची मला वारंवार आठवण होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून विश्वासू स्नेह्यांची पत्रे आली. त्यांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीस, शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे व त्यांपैकी एकीने आत्मघात केल्याचे सांगितले. गदारोळ उसळला. गोखले परतले, पुरावा मागू लागले, आणि पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येईना. तेव्हा ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. भेकड ठरवले गेले. पुढे कित्येक वर्षे ती माफी त्यांच्या तोंडावर फेकली जात असे. माफीच्या मसुद्यात ते गरजेपेक्षा अधिक वाकले, असे माझेही मत आहे. शिपायांच्या वर्तनाविषयी लोकांची जी सर्वसाधारण गाऱ्हाणी होती, ती एक विशिष्ट आरोप शाबीत झाला नाही म्हणून खोटी ठरत नव्हती, आणि हा भेद त्यांनी अधिक ठासून मांडावयास हवा होता. परंतु आपण चारचौघांत केलेले विधान आपल्याला शाबीत करता येत नाही असे दिसताच ते चारचौघांतच परत घेणे, आणि तेही आपल्याच पक्षाचा रोष पत्करून, ही गोष्ट मी आमच्या समूहावर गेल्या सात वर्षांत एकदाही पाहिलेली नाही. तेथे फार झाले तर मजकूर पुसला जातो, आणि ‘हा संदेश काढून टाकण्यात आला आहे’ एवढी करडी ओळ मागे राहते.

मग आमच्या हुबळीवर पाळी आली. १८९८ साली येथे प्लेगने कहर मांडला. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे हे कापसाच्या पेठेचे गाव, सदर्न मराठा रेल्वेचे जंक्शन व कारखाना असलेले, म्हणजे माणसांची व मालाची अहोरात्र ये-जा असणारे. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तयार केलेली लस, जी त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती व नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर अजमावली होती, ती घेऊन सर्जन-कॅप्टन ल्यूमन हुबळीस टोचणीच्या कामाला लागले. त्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत तीस हजारांहून अधिक माणसांना टोचले गेले. त्या काळच्या हिंदुस्थानात हा आकडा अपूर्व होता.

ज्या प्रांतात इस्पितळावर दगड पडले त्याच प्रांतात हे कसे घडले? एक कारण उघडच व्यवहाराचे : टोचल्याचा दाखला जवळ असेल त्यास प्रवासात व विलगीकरणात सवलत मिळे. दुसरे कारण आमच्या घरातल्या एका गोष्टीवरून मी अनुमानतो. बापूकाकांची आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. टोचणारे आले की तिची आई तिला कणगीआड दडवीत असे, कारण सुई हातभर लांब असते व टोचलेल्या मुलीस पुढे मूल होत नाही, असे ऐकिवात होते. पंधरवड्याने तीच आई तिला घेऊन आपल्या पायांनी टोचणीला गेली. कोणी व्याख्यान दिले म्हणून नव्हे. पलीकडच्या झोपडीतली टोचलेली माणसे दोन दिवस तापाने फणफणून पुन्हा उठलेली तिने पाहिली, आणि अलीकडच्या झोपडीतून तिरड्या निघालेल्या पाहिल्या.

येथे थांबून सुईचा जयजयकार करण्याचा मोह होतो, परंतु संशयाचे माप दोन्ही पारड्यांना सारखे लावावयाचे तर आजीच्या आईच्या पुराव्यालाही ते लावले पाहिजे. टोचून घेणारी व न घेणारी माणसे एकाच तऱ्हेची होती काय? ज्याला दाखल्याची गरज होती तो कामावरचा, हिंडता-फिरता असणार. जो खाटेवरच होता तो टोचणीला जाणार कसा? शिवाय टोचणी चार-पाच महिने चालली. जो आरंभीच मेला तो ‘न टोचलेल्यां’त गणला गेला, आणि जो तगला त्याला ‘टोचलेल्यां’त येण्यास पुढे अवकाश मिळाला. अशा मोजणीत लशीला फुकटचे श्रेय मिळण्याची पुष्कळ शक्यता असते. १८९८ साली नेमलेल्या प्लेग कमिशनने, ज्याचे अध्यक्ष एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर होते, अशा आकड्यांची कसून छाननी केली, ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत असे म्हटले, आणि तरीही टोचणीने रोगाची लागण व मृत्यू ही दोन्ही स्पष्टपणे घटतात, मात्र संरक्षण पूर्ण नव्हे, असा निर्णय दिला. याला मी मापात ठेवलेला वहीम म्हणतो. गंमत अशी की हेच कमिशन दुसऱ्या बाबतीत सपशेल चुकले. पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ सालीच कराचीत प्रयोग करून, प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो असे प्रतिपादले होते. ते कमिशनने उडवून लावले. १९०५ पासून मुंबईत झालेल्या संशोधनाने सिमाँ खरा ठरला. तज्ज्ञांचे म्हणणे ऐकावे ते तज्ज्ञ चुकत नाहीत म्हणून नव्हे. त्यांची चूक सापडण्याची काही सोय त्यांच्याच दप्तरात असते म्हणून.

चूक कोणाची हे ठरवण्याचाही एक रीतसर मार्ग असतो, आणि हाफकिनच्या वाट्याला तो फार सावकाश आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी एकशे सात जणांना टोचले गेले. त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. अफवेला याहून भरभक्कम पुरावा कोणता हवा? परंतु मेलेले एकोणीसच्या एकोणीस जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, आणि त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांस काहीच झाले नव्हते. चौकशीने आधी ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनला कामावरून दूर केले. पुढे उलगडले की बाटली उघडतेवेळी चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा बट्टा पुसला गेला. परळच्या ज्या संस्थेस १९२५ पासून त्यांचे नाव आहे, तेथे ते काम करण्यास पुन्हा परतले नाहीत.

मलकोवालचे एकोणीस मृत्यू नाकारून लशीचा कैवार घेता आला नसता, आणि वामनरावांचा मृत्यू ओलांडून मला बापूकाकांशी बोलता येणार नव्हते. लशीने माणूस कधीच दगावत नाही, असे म्हणणे असत्य आहे : जून २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने, अडुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू लशीनंतरच्या तीव्र ॲलर्जीने झाल्याचे मान्य केले, आणि कोविशील्ड ज्या सूत्रावर बनते त्या लशीने क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होतात, हे युरोपातील नियामकांनी त्याच वर्षीच्या एप्रिलात जाहीर केले होते. परंतु ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दयोगींमध्ये जे अंतर आहे ते मोजावे लागते. समजा, साठीपलीकडच्या एक लाख माणसांना लस दिली, आणि समजा, त्या वयात वर्षाला शेकडा चार माणसे एरवीही मरतात. तर त्या लाखांतली तेहेतीस-एक माणसे लशीनंतरच्या तीन दिवसांत जाणारच होती, लशीऐवजी पाणी टोचले असते तरी. ही तेहेतीस माणसे म्हणजे तेहेतीस घरे, आणि प्रत्येक घरात एक बापूकाका. त्यांच्यापुढच्या चौतिसाव्या मृत्यूला मात्र लस जबाबदार असू शकेल, आणि तो हुडकण्यासाठी तेहेतीसही घरांची फिर्याद नोंदवावी लागते.

कोणी म्हणेल, तुम्ही कटाचे नावच टाकता. तसे नाही. धारवाडात राहून कट असतच नाहीत असे म्हणण्याचा निर्ढावलेपणा मी कसा करू? ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी कल्याणनगरात कन्नड विद्वान डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. त्या आठवड्यात गावभर नाना तर्क धावत होते, आणि प्रत्येक तर्क करणाऱ्याची खात्री दुसऱ्याहून जास्त होती. पुराव्याची गोष्ट निराळी व मुकी असते : तेथे सापडलेल्या ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसांवरील खुणा २०१७ साली बेंगळुरात पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाच्या जागी मिळालेल्या काडतुसांवरील खुणांशी जुळल्याचा अहवाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेने दिला, आणि २०१९ मध्ये विशेष तपास पथकाने दोषारोपपत्र दाखल केले. त्यापुढचे काम न्यायालयाचे. तिकडे पुण्यात, २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा निकाल १० मे २०२४ ला लागला, तेव्हा एकाच निकालपत्रात दोघांस जन्मठेप झाली व तिघे निर्दोष सुटले. आंतरजालावरच्या कोणत्याही वादात ‘दोघे होय, तिघे नाही’ असा निकाल लागलेला मला आढळला नाही. तेथे एक तर पाचही फासावर जातात, नाही तर पाचही हुतात्मे होतात.

उशिरा आलेला निकाल जीव घेत नाही, घाईचा घेतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातील पाच जणांना, आणि त्यानंतर बारा दिवसांनी आमच्याच कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात मुरकी येथे, मुलांना चॉकलेटे वाटणाऱ्या पाहुण्यांपैकी एका तरुण अभियंत्याला, मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या काळात मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्या दोघांची जी चित्रफीत देशभर फिरत होती, ती वस्तुतः कराचीतल्या एका संस्थेने पालकांस सावध करण्यासाठी तयार केलेल्या जाहिरातीची होती. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात व फलक उंचावतात. शेवटचा तेवढा भाग कोणीतरी कापला होता. मुले हरवतात ही चिंता खोटी नव्हती, चित्रफीतही खोटी नव्हती, आणि तरी दोहोंची बेरीज खोटी होती.

२०२१ च्या जुलैत टाळेबंदी सैल झाल्यावर मी सप्तापुरात बापूकाकांकडे गेलो. समूहावर काही लिहिले नाही. काकूंनी अवलक्की दिली, चहा दिला. मी वामनरावांचे विचारले. त्यांना मधुमेह होता, दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेली होती, लस घेतली त्या दिवशी केंद्रावर तीन तास उन्हात उभे होते, ताप आला, डॉक्टर फोन उचलीना, आणि तिसऱ्या पहाटे... बापूकाका थांबले. चिप, मनोरे, धनाढ्य यांपैकी एकाचेही नाव त्या अर्ध्या तासात निघाले नाही. तीन तासांचे ऊन आणि न उचललेला फोन, एवढी त्यांची फिर्याद होती. आणि ती नोंदवून घेणारे कोणी न भेटल्यामुळे त्यांनी ती हाताला लागलेल्या पहिल्या मोठ्या गोष्टीच्या पोटात घातली होती.

मी भीतभीत विचारले, “काका, काय दाखवलं म्हणजे लशीनं ते गेले नाहीत असं तुम्हाला वाटेल?”

त्यांनी कपातली उरलेली धार बशीत ओतली. “मला विचारतोस, ते बरोबर आहे की. पण तुला काय दाखवलं म्हणजे तू माझं खरं मानशील, ते आधी सांग बघू.”

मला चटकन उत्तर देता आले नाही. बऱ्याच वेळाने म्हणालो, त्या केंद्रावर लस घेतलेल्या, त्यांच्या वयाच्या माणसांपैकी पहिल्या आठवड्यात किती गेली, आणि करोनापूर्वीच्या वर्षांत त्याच वयाची माणसे एका आठवड्यात किती जात असत; हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले आणि पहिला दुपटीने भरला, तर मी तुमच्या बाजूला येईन.

“साथीत गेलेली वेगळी काढावी लागतील की रे,” बापूकाका म्हणाले. “नाही तर तो आकडा एरवीच फुगंल.”

ही गोष्ट माझ्या लक्षात आलेली नव्हती. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, आणि महापालिकेच्या जन्ममृत्यू-नोंदणीत भाचीचा मुलगा आहे, तो चारपर्यंत जागेवर असतो, असे म्हणत चपला शोधू लागले.